मागच्या सीटवरचं हसणं

आमच्या शेजारचे मोकाशीकाका तुळशीवर जळायचे. थट्टा नाही, मी स्वतः पाहिलंय. कुसुमकाकू सकाळी बाल्कनीत तुळशीला पाणी घालताना काहीबाही पुटपुटायच्या. काका पेपर खाली करून आधी कान द्यायचे. मग शेजारच्या बाल्कनीत कपडे वाळत घालणाऱ्या मला मोठ्यांदा ऐकवायचे, "बघा! झाडाशी बोलते. आमच्याशी नाही बोलत एवढं!"

हे त्यांचं पालुपद. नेरूळला तेव्हा इमारती कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. दुपारी खाली डोकावलं तर वॉचमन आणि कुत्रं, बस. अशा ठिकाणी काकू बोलून बोलून बोलणार कुणाशी? पण काकांना जळायला तेवढंही पुरायचं. टीव्हीवरची बातम्या देणारी बाई काकूंना आवडते असं कळल्यावर ते बातम्यांच्या वेळी अँटेना दुरुस्त करायला लागले.

दिवाळे गावाहून जनी कोळीण यायची. ती आणि काकू दाराशी बसल्या की निवट्या मासळीच्या भावावरून सुनांवर यायच्या. काका तीनदा पाणी प्यायला बाहेर. शेवटी जनीनेच सुनावलं, "काका, तुमी आत जा बरं. आमचं बायकांचं बोलनं हाय." काका आत गेले, पण दार लोटलं नाही.

आता माझंही सांगून टाकते. मला काकूंचा हेवा वाटायचा. आमचे हे अगदी उलट. मी दूधवाल्याशी तासभर बोलले असते तरी यांनी फक्त विचारलं असतं, "दूध आलं का?" आपल्यावर कुणी जळावं, आपण कुठे आहोत म्हणून मान वळवून बघावं, हे सुख माझ्या वाट्याला कधी आलं नाही.

मग आमच्या सोसायटीतल्या आणि वाशीच्या काही जोडप्यांनी मिळून बँकॉक, मलेशिया, सिंगापूरची टूर घेतली. दुसऱ्याच दिवशी वाशीच्या देसाईबाईंनी बसची मागची सीट ताब्यात घेतली आणि बायकांना हाका मारल्या. कुसुमकाकू 'जाऊ का?' असं काकांकडे बघत उठल्या आणि गेल्या त्या गेल्याच. मी मात्र जागची हलले नाही. आमचे हे बस सुटली की झोपतात आणि शेजारी असेल त्याच्या खांद्यावर मान टाकतात. परदेशात नसती भानगड नको.

मागे हसणं सुरू झालं. आणि काय ते हसणं! आमच्या कुसुमकाकू, ज्यांचा आवाज मी भिंतीपलीकडून कधी ऐकला नव्हता, त्या ठसका लागेपर्यंत हसत होत्या. पुढच्या सीटवर एकटे बसलेले काका दर हसण्याला मागे वळायचे. "काय झालं? अहो, काय झालं?" बायका एकमेकींकडे बघून आणखी हसायच्या, सांगायचं कुणीच नाही. पक्ष्यांच्या बागेत एक पोपट काकूंच्या खांद्यावर बसला. काकू त्याच्याशी लाडेलाडे बोलू लागल्या, तर काका मला म्हणाले, "पाहिलंत? पोपटाशीसुद्धा!"

त्याच टूरमध्ये बँकॉकच्या बाजारात मी चांगला अर्धा तास हरवले होते. आमच्या ह्यांना ते मी परत येऊन सांगितल्यावर कळलं.

शेवटच्या दिवशी सकाळी सिंगापूरच्या हॉटेलात बॅगा खाली आल्या आणि देसाईबाई म्हणाल्या, "हे बघा, घरी गेल्यावर विसरायचं नाही. महिन्यातून एकदा भेटायचं, टर्नने एकेकीच्या घरी." सगळ्या हो म्हणाल्या. कुसुमकाकूंचा चेहरा मात्र उतरला. "मला नका धरू बाई. ह्यांना नाही चालणार." माझं डोकंच फिरलं. या माणसाचं जळणं आता काकूंच्या जिवावर उठलंय, असं वाटलं. दोन बेडरूमच्या घरात त्या पुन्हा गप्प होणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

विमानतळावर जाताना बसमध्ये माइक फिरवतात आणि प्रत्येकाने मनोगत सांगायचं असतं. बायका 'आपण एक कुटुंब झालो' म्हणतात, पुरुष परदेशात मिळालेल्या वरणभाताचं कौतुक करतात. माइक मोकाशीकाकांकडे आला. आता तक्रार ऐकायची, म्हणून मी तयारीत बसले.

काका दांडा धरून उभे राहिले. "मला बोलता येत नाही. गिरगावात आमची एक खोली होती. गॅलरीत बायका जमायच्या आणि ही अशीच हसायची. मला आत बसून ओळखू यायचं, हे हिचं हसणं. मग मोठ्या हौसेनं हिला नेरूळला आणलं. दोन बेडरूम घेतल्या." ते थांबले. "तिथे हिला हसवायला मीच होतो. मला काही जमलं नाही. इतक्या वर्षांनी ते हसणं या बसमध्ये ऐकलं. आधी राग आला. म्हटलं, माझ्याशी का नाही?"

त्यांनी माइक तोंडाजवळ घेतला.

"सकाळचं तुमचं बोलणं मी ऐकलंय. पहिली बैठक आमच्याकडे ठेवा. पोहे मी करून ठेवीन आणि तेवढा वेळ स्टेशनापर्यंत चक्कर मारून येईन. मी असलो की तुम्ही मोकळं बोलत नाही, कळतं मला."

काकू सीटच्या पाठी धरत धरत पुढे आल्या आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर बसल्या. माइक चालूच होता.

"चक्कर कसली मारताय?" त्या म्हणाल्या. "इतके दिवस या सगळ्याजणींना तुमच्याच तर गोष्टी सांगत होते. साखरपुड्याला चुकून भलत्याच मांडवात जेवून आलात ती, माझ्या बाळंतपणात डॉक्टरांऐवजी तुम्हीच चक्कर येऊन पडलात ती. तुम्ही समोर नसलात तर मी सांगू कुणाकडे बघून?"

मागच्या बायका हसल्या, पुढचे पुरुष हसले. माइक कुणाला द्यायचा ते न सुचून काकांनी तो काकूंच्या हातात दिला आणि चष्मा पुसत बसले.

आमचे हे माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. ह्यांची कुठली गोष्ट सांगून मी मागच्या सीटला हसवलं असतं, याचा मी विमानतळ येईपर्यंत विचार केला. एकही आठवली नाही. कुसुमकाकूंचा इतका हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता.