दौलतरावांची शोकसभा

नवीन गाणं लागलं की दौलतराव डोक्यावरची काळी टोपी काढायचे, छातीशी धरायचे आणि मान खाली घालून उभे राहायचे. गाणं संपेपर्यंत. चौकातल्या किसनाच्या हॉटेलात रेडिओवर एखादं ताजं, उडतं गाणं सुरू झालं की हा माणूस बाकावरून उठलाच. शेजारी एखादं परकं गिऱ्हाईक असलं तर त्याला वाटायचं, कोणी मोठा पुढारी गेला. तोही बिचारा कप खाली ठेवून उभा राहायचा. गाणं संपलं की दौलतराव टोपी घालत, खाली बसत आणि सुस्कारा सोडून सांगत, "गानं वारलं बाप्पा. चांगलं होतं बिचारं."

किसना वैतागायचा. "दौलतराव, धंद्याच्या टायमाले मयत नका काढत जाऊ."

"मी कुठं काढून राहिलो? तुझा रेडिओ काढून राहिला. मी तं फक्त मागून चालून राहिलो."

दौलतराव माझे शेजारी. आमच्या दोघांच्या घरात एकच भिंत होती आणि ती असून नसल्यासारखी होती. नागपुरातल्या कापड गिरणीत त्यांचा जन्म मागावर गेला. बायको लवकर वारली, घरात ते आणि मुलगी करुणा अशी दोघंच. पण आवाज दहा जणांचा. करुणानं मीठ मागितलं तरी भिंतीपलीकडे मला भांडण जुंपल्यासारखं वाटायचं. आमच्या वस्तीत गिरणीवाल्यांची घरं बरीच, आणि सगळ्याच घरांत असं चढ्या आवाजात बोलत. त्याचं कोणाला काही वाटत नसे.

त्या लोकांची दुसरीही एक बोली होती, बिनआवाजाची. मागाच्या खात्यात कानाशी ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून कामगार ओठ मोठे हलवून आणि हातांच्या खुणा करून बोलत. ती सवय बाहेरही सुटत नसे. चौकाच्या या टोकाला दौलतराव आणि त्या टोकाला त्यांचा गिरणीतला जोडीदार, मधून सायकली, रिक्षा, बैलगाड्या चाललेल्या असायच्या आणि या दोघांचं घरच्या भाजीपर्यंत सगळं बोलून व्हायचं. करुणा ही बोली लहानपणीच शिकली. बापलेक माझ्या समोर बसून माझ्याबद्दल बोलायचे आणि हसायचे. मी शाळामास्तर. वर्गात कोण कुजबुजतं ते पाठमोरा उभा राहून ओळखायचो, पण इथं माझं काही चालत नसे.

गाण्यांवरून आमचं नेहमी वाजायचं. मला नवीन गाणी आवडत. अजूनही आवडतात. जुनं ते सगळं सोनं म्हणणाऱ्या माणसांचा मला मनापासून कंटाळा आहे, कारण त्यांना बहुधा गाण्याचं काही पडलेलं नसतं, आपलं तारुण्य गेल्याचं दुःख असतं. हे मी दौलतरावांना तोंडावर सांगितलं होतं.

"तारुन्य गेलं तं गेलं," ते म्हणाले. "पन यात बोल कुठं हायेत, दाखवा मले. नुसता खडखडाट. खडखडाट ऐकाचे तं मले गिरनी पगार देते. तुमच्या रेडिओचा फुकटात काहून ऐकू?"

"आहेत ना बोल. नीट ऐका."

ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. मग रेडिओकडे बघत. "ऐकलं. वारलं."

जुनं गाणं लागलं की मात्र त्यांचा चेहरा उजळायचा. डोळे मिटून ते गाण्याबरोबर म्हणू लागत आणि कधी कडव्यात रेडिओच्या पुढे निघून जात. किसनानं चूक दाखवली तर म्हणत, "तुझ्या रेडिओचा शेल उतरला, मागं पडून राहिला तो." यावर हॉटेल हसायचं. मीही हसायचो.

एके काळी दौलतराव आमच्या वस्तीच्या गायन पार्टीत होते. दर जयंतीला मंडपात पार्टीचं गाणं व्हायचं, दीक्षेची गाणी, कव्वालीच्या थाटात. पेटीवाला, ढोलकवाला, मुख्य गायक, आणि मागे गुडघे टेकून बसलेला टाळीवाला. तो टाळीवाला म्हणजे दौलतराव. त्यांचे तळवे मागावर काम करून लाकडासारखे झाले होते. त्यांची टाळी ऐकायला शेजारच्या वस्तीतली माणसं येत. मग एका वर्षी त्यांनी पार्टी सोडली. "सिनेमाच्या चालीवर आपलं गानं? मी टाळी नाई देनार," असं जाहीर करून ते घरी बसले. पुष्कळांनी समजूत घातली, पण माणूस बधला नाही. वस्तीत त्यांचा मान वाढला. तत्त्वाचा माणूस म्हणून मीही एकदा वर्गात त्यांचं उदाहरण दिलं होतं.

करुणा मोठी झाली आणि त्याच पार्टीत गाऊ लागली. गळा देखणा होता. चालीही नवीनच. ती घरात गाऊ लागली की दौलतराव अंगणात जाऊन विड्या ओढत बसायचे. ती माझी जुनी विद्यार्थिनी, त्यामुळे भिंतीपलीकडून माझ्याशी बोलायची.

"गुरुजी, अख्खी वस्ती चांगलं म्हनते. एक बाबाच म्हनत नाई. वाईट बी म्हनत नाई, उठूनच जातात."

"त्यांना चाली पटत नाहीत गं."

"नसन पटत. मी गाऊन राहिली न पन. एक टाळी द्यावी, बस. मले दुसरं काही नाई पायजे."

त्या एप्रिलात जयंतीच्या कार्यक्रमात ती पहिल्यांदा मुख्य जागेवर बसून गाणार होती. तिनं बापाला समोर बसवून विचारलं, "येसान न बाबा?" दौलतराव हो म्हणाले. टोपी धुऊन वाळत टाकली. मला दोनदा येऊन सांगून गेले, "पोरगी गाऊन राहिली संध्याकाळी. संगं जाऊ."

मंडप भरला होता. पुढं चला म्हटलं तर ते ऐकेनात. "पुढं बसलो तं पोरगी घाबरंल." म्हणून आम्ही पार मागे, भोंगा बांधलेल्या खांबाजवळ बसलो. खांबाला पताका, तोरणं, कमान, त्यात स्टेजचा मधला भाग झाकून गेला होता. दौलतराव सारखे विचारत होते, "करुनाचा नंबर कवा हाय?" मी प्रत्येक वेळी सांगत होतो, अजून भाषणं चालली आहेत. शेवटी भोंग्यातून करुणाचं नाव पुकारलं गेलं. आमच्या डोक्यावरच भोंगा, मेलेलाही उठेल इतका मोठा आवाज. म्हणून मी दौलतरावांना ते वेगळं सांगितलं नाही.

ढोलक सुरू झाला. करुणानं गाणं उचललं, आणि काय उचललं! मी कौतुकानं वळून पाहिलं, तर दौलतराव उभे राहिले होते. टोपी छातीशी, मान खाली.

आधी मागची पोरं हसली. मग कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "दौलतरावची शोकसभा!" आणि हसू पुढच्या रांगांपर्यंत गेलं. त्या बसलेल्या गर्दीत उभा असलेला एकटा माणूस करुणाला स्टेजवरून दिसलाच असणार. तिचा आवाज हलला. तिनं ओळ पुन्हा धरली, ती अर्ध्यावर सुटली. मग नुसता ढोलक आणि पेटी चालू राहिली, थोड्या वेळानं तेही थांबलं. मी खांबाआडून वाकून पाहिलं, तर ती जागेवरून उठून गेली होती.

मला इतका राग आला की या माणसाची गचांडी धरावी. पोटच्या पोरीची अशी थट्टा! पण मी काही बोलायच्या आत दौलतरावांनी टोपी घातली, खाली बसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "लवकर वारलं हे. खराब रेकॉर्ड होती काय? आता करुना येईन न, मास्तर?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "दौलतराव, ती करुणाच होती." ते माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी समोर सरकलो आणि ओठ मोठे हलवून पुन्हा म्हणालो.

"करुना होती?"

मी मान हलवली. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, मग तोरणांनी झाकलेल्या स्टेजकडे. "ते, करुना होती?"

घरी जाताना रस्त्यात ते एका ओट्यावर बसले आणि आपणहून बोलू लागले. "मले बोल ऐकू येत नाई, मास्तर. लई वर्षं झाली. मागानं कान खाल्ले. तोंडापुढं बोललं तं समजते. जुनी गानी पाठ हायेत म्हून येतात. नव्याचा नुसता खडखडाट येते. मले वाटे, गानीच तशी निघून राहिली. मंग हळूहळू समजलं."

"आणि पार्टी?"

"टाळी चुकाले लागली गा. ढोलकवाल्यानं एकदा वळून पाहिलं. दुसऱ्यांदा पाहाच्या आत मी सोडली."

"पोरीला तरी सांगायचं होतं!"

"काय सांगू? तुझा बाप टाळीवाला होता, आता बहिरा झाला म्हनू?" ते तळहाताकडे बघू लागले. मग विचारलं, "कसा हाय तिचा आवाज? मायसारखा हाय काय?"

गाण्यावर मी तासभर वाद घालणारा माणूस. "थोडा जाड आहे," मी कसंबसं सांगितलं. "वर गेला की बारीक होतो. आणि तिथं जरासा कापतो."

"मायचा बी तसाच होता," ते म्हणाले. आणि रडले. मोठ्या आवाजात बोलणारा माणूस रडला मात्र अगदी हळू.

करुणा बापाशी बोलत नव्हती. ताट वाढायची आणि आत निघून जायची. भिंतीपलीकडची ती शांतता मला सहन होईना, म्हणून मी तिला सगळं सांगून टाकलं. "आन् मी रोज ओरडून बोलून राहिली, तरी मले समजू नये?" एवढंच ती म्हणाली. मग ती त्यांना धंतोलीत कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं नसच गेली म्हणून सांगितलं आणि कानाला लावायचं यंत्र दाखवलं. दौलतरावांनी ते तिथंच लावून पाहिलं आणि काढून ठेवलं. "यानं खडखडाट मोठा झाला. बोल नाई आले."

त्यानंतर एका सकाळी अंगणात मी एक विचित्र गाणं पाहिलं. पाहिलं असंच म्हणायला हवं. करुणा बापासमोर मांडी घालून बसली होती. ओठ मोठे हलवत होती, हातांनी खुणा करत होती आणि तोंडातून आवाज काढत नव्हती. मंडपात अर्धवट राहिलेलं ते गाणं ती बापाला गिरणीच्या बोलीत सांगत होती. दौलतराव एक-एक ओळ मोठ्यानं, पार बेसूर म्हणत होते. मधेच थांबून ते म्हणाले, "अवं, बोल तं चांगले हायेत वं याचे!" मग त्यांनी मांडीवर थाप मारली. ती चुकली. करुणानं त्यांचं मनगट धरलं आणि ठेका दाखवला. असं रोज चाललं.

पुढच्या जयंतीला करुणानं ते गाणं पूर्ण म्हटलं. दौलतराव अगदी पुढे, तिच्या ओठांसमोर बसले होते. मंडळाच्या कोणीतरी ते टेप केलं, आणि किसनानं नवीनच घेतलेल्या टेपवर ती कॅसेट वाजवायला सुरुवात केली.

एके दिवशी दुपारी मी हॉटेलात गेलो तेव्हा तीच कॅसेट लागली होती. किसनानं लावताना दौलतरावांना खूण करून सांगितलं होतं, त्याबरोबर ते सुरू झाले होते. डोक्यावर टोपी होती, डोळे मिटलेले, ओठ हलत होते आणि ते लाकडी तळवे बाकावर ठेका धरत होते. दुसऱ्या कडव्यात लाईन गेली. पंखा थांबला, टेप घरघरत बंद पडला. हॉटेलात एकदम शांत झालं. दौलतरावांचा हात चालूच होता.

किसनाच्या हातात उकळत्या चहाचं भांडं होतं, ते त्यानं खाली ठेवलं. पोरीचं उरलेलं गाणं दौलतरावांनी शेवटपर्यंत ऐकलं, शेवटची टाळी दिली आणि डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आजकालची गानी सुधरली, मास्तर," ते म्हणाले.

"हो," मी ओठ मोठे हलवून म्हणालो. लाईन अजून यायची होती.