गडमुडशिंगीचा काळा दगड

कोल्हापुरात दगड ओळखावा तर आम्हीच! भूगर्भशास्त्र शिकवता शिकवता केस पांढरे झालेत माझे. तरीही ऑस्ट्रेलियातल्या परिषदेसाठी कॉलेजात नाव कुणाचं चालावं? उदयसिंहाचं! परवा नोकरीला लागलेल्या पोराचं!

का, तर त्याला चंदगडकडं एक काळा, जड खडक सापडला. म्हणे, हा फार पूर्वी माती होता. पावसानं बाकीचं सगळं धुऊन नेलं, लोखंड तेवढं मागं राहिलं, त्याचा आपल्या पन्हाळ्यावर असतो तसा तांबडा जांभा झाला. मग तो खोल गाडला गेला, दाबला गेला, भाजला गेला आणि असा काळा झाला. ऐकता ऐकता प्राचार्या क्रांतीमॅडम चहा प्यायच्या विसरल्या. माझ्या भाषणात त्या दोन कप पितात!

जळलो हो मी! अगदी कोळसा!

"उदयसिंह भावजी विमानानं जाणार व्हय?" आमच्या बायकोनं, राजनंदिनीनं घरी विचारलं.

"अजून गेला न्हाई!" मी ओरडलो.

रविवारी सासुरवाडीला, गडमुडशिंगीला गेलो आणि शेताच्या बांधावर दिसला, काळा, जड दगड! खिशातलं चुंबक लावलं, टच्चकन चिकटलं! उदयसिंहाच्या दगडाला ते जेमतेम धरायचं. धोंडा स्कूटरवर मागच्या सीटला बांधला. राजनंदिनी केएमटीच्या बसनं आली.

सोमवारी सगळ्यांसमोर मी गरजलो, "मॅडम, ह्यो बघा! त्याच्या दगडाचा आजा!"

"अभिनंदन, सर!" उदयसिंहानं माझे दोन्ही हात धरले. त्याचा हा चांगुलपणा तर मला मुळीच सोसत नाही. "आत काय हाय, कापून बघूया की!"

"काप की! घाबरतंय कोण?"

यंत्रावर दगडाचे दोन तुकडे झाले. मधोमध बोल्ट! आट्यांसकट!

मॅडमनी चष्मा पुसला. "सर, त्या काळी बोल्ट आवळायचे पाने मिळत होते?"

कुठल्याशा फौंड्रीत लोखंड वितळवताना निघालेली मळी होती ती. कुणीतरी बांधाला आणून टाकलेली.

"पण मॅडम," मी पुटपुटलो, "भाजलेली तर हाय की!"

सगळे हसले. उदयसिंह तेवढा हसला नाही. उलट जाताना त्यानं माझ्या दगडाचा अर्धा तुकडा मागून नेला.

आठवड्यानं ऑस्ट्रेलियातून त्याचा फोन आला. "सर, दगड कसा फसवतो त्ये सांगायला शेवटी तुमचा दाखवला. तुमच्या नावासकट! माझ्यापेक्षा टाळ्या त्यालाच जास्त पडल्या!"

फोन स्पीकरवर होता. राजनंदिनी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुम्ही न्हाई, तुमचा दगड तरी विमानात बसला!"

खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मी दगडावरसुद्धा जळलो!