राखाडी रंगाचे हात

चांगलं चित्र हळूहळू बिघडवत नेणारा चित्रकार मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी सबनीसकाका. बँकेतून निवृत्त झाल्यावर कलकत्त्यातले बहुतेक मराठी लोक पुण्याला परततात. हे इथे आमच्या बेहाला भागातच राहिले आणि बाल्कनीत स्टँड मांडून समोरचं शहर रंगवायला बसले.

सुरुवातीला चित्र देखणं होतं. गच्च्यांवरच्या टाक्या, वाळत घातलेल्या साड्या, मागे मेट्रोचे खांब, सगळं हुबेहूब. आमच्या बिल्डिंगमध्ये चित्राबद्दल मत नसलेला माणूस सापडणं कठीण. जो तो येऊन सांगून गेला की दादा, आता याला हात लावू नका. खालच्या घोषबाईंनी तर दिवाणखान्यातली एक भिंतच रिकामी करून ठेवली.

काका म्हणाले, "अजून एक हात."

पुढच्या आठवड्यात साड्या गेल्या. मग टाक्या. काका पातळ राखाडी रंग कालवायचे आणि घराची भिंत रंगवावी तसे एकावर एक हात देत सुटायचे. घोषबाईंनी कंटाळून भिंतीवर कॅलेंडर लावलं. मी चिडवलं, काका, कलकत्त्यात धूर आहे, पण इतका नाही हो. ते नुसते हसले आणि त्यांनी काकूंना हाक मारली.

"मेट्रो दिसते का गं आज?"

काकू बाहेर आल्या, कठडा धरून बराच वेळ बघत राहिल्या. "आवाज येतोय," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. काकांनी ब्रश उचलला आणि मेट्रोचे खांब पुसट करायला घेतले.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंची नजर जात चालली होती. आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"विचारलं की ठीक आहे म्हणते," काका म्हणाले. "ठीक म्हणजे किती, ते मला कळायला नको?"

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी चित्राकडे पाहिलं. त्या सगळ्या राखाडीत डावीकडचा एक नारळ तेवढा शाबूत होता, अगदी झावळ्यांसकट. मग समोर पाहिलं, तर तिथे नारळ नव्हताच. नव्या इमारतीचा पाया खणत होते.

"काका, नारळ कुठाय?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली आणला. "ती लेकीकडे गेली होती ना, तेव्हा तोडला. रोज सकाळी मला सांगते, नारळ अगदी स्वच्छ दिसतो म्हणून."

आणि बारीक ब्रश घेऊन त्यांनी एका झावळीची कड नीट केली.