गंगारामअण्णांच्या पाइपाची लेवल

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत मिळून तंबाखू ओढायचा पाइप कोरणारा एकच कारागीर निघाला. तो आमच्या किन्हवलीत, माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता, आणि त्यानं जन्मात विडीसुद्धा ओढली नव्हती. धुराच्या वासानं त्याला शिंका येत. एका दमात सात. मी मोजल्या आहेत.

गंगारामअण्णा भातसानगरला धरणाच्या दरवाजांवर ऑपरेटर होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रिटायर झाले तेव्हा धरण तिथंच राहिलं, लेवल मात्र ते घरी घेऊन आले. चहाचा कप हातात आला की एक डोळा मिटून आडवं बघणार. "दोन बोटं खाली हाय. येवा कमी झाला का गो?" येवा म्हणजे धरणात येणारं पाणी. काकू आतून म्हणायच्या, "येवा बरोबर हाय, दूधवाला आला नाय!" कपाच्या तळाशी उरला तो मृतसाठा; धरणात दरवाजाच्या खाली राहतं, कधी बाहेर निघत नाही, त्या पाण्यासारखा. भिंतीवरचं कॅलेंडर असो की जावयाचा भांग, पहिला प्रश्न एकच. "लेवल काय?"

असा हा माणूस एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर, पाइप कशाचा करतात?"

"लोखंडाचा, सिमेंटचा..."

"तो नाय वो! तोंडात धरायचा."

धरणावर पूर्वी एक मोठे साहेब यायचे, त्यांच्या तोंडात तसा पाइप असे. अण्णांनी तो वीस हातांवरून पाहिला होता. एवढ्या ज्ञानावर माणूस कारखाना काढायला निघाला होता.

"पण कुणासाठी?"

"कुणासाठी कशाला? हाताला काम," अण्णा म्हणाले. नजर मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली.

पलीकडे बाबूदादांचं घर. बाबूदादा धरणावरचे अण्णांचे जोडीदार. एक दरवाजा उचलायचा, दुसरा लेवल ओरडून सांगायचा. दोघांच्या परसांमधल्या बांधावर बोरीचं झाड होतं. बोरं कुणाची यावरून एकदा दोघांचं वाजलं, रागाच्या भरात बाबूदादांनी झाडच तोडलं, आणि तेव्हापासून चार वर्षं दोघांत एक शब्द नाही. मधल्या काळात बाबूदादांचा उजवा हात अर्धांगानं गेला. विडी बोटांत ठरेना. दोनदा गोधडी जळाली, तेव्हा सुनेनं विड्या आणि काडेपेटी कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. बाबूदादा दिवसभर ओट्यावर बसून दोन रिकामी बोटं ओठांशी नेत, आणि परत खाली आणत. अण्णांच्या खिडकीतून ते दिसे.

मला कळलं. मी विषय लाकडावर आणला.

"लाकूड म्हणजे खैर," अण्णांनी निकाल दिला. घरात खैराचं तुटकं मुसळ पडलं होतं. चार दिवस कानस चालली. सायकलची तार तापवून भोकं पाडली, आणि असा देखणा पाइप उभा राहिला की साहेबानं टोपी काढावी. चाचणीसाठी माणूस हवा होता. मी तंबाखू खाणारा, ओढणारा नव्हे, पण शेजारधर्म! गालातला चुना-तंबाखूचा बार गालातच ठेवून मी दहा झुरके मारले आणि शाळेत गेलो. पोरं माझ्याकडे बघून फिदीफिदी हसत होती. घरी आलो तर आमची ही कडाडली, "शाळा सोडून शहापूरला पान खायला गेलावता?"

आरशात पाहिलं. ओठ लालभडक! तेव्हा डोक्यात उजेड पडला. कात निघतो तो खैरापासूनच. गालात चुना, पाइपात कात. तोंडात रंगायचं ते रंगलं होतं. अण्णांनी शांतपणे विचारलं, "मास्तर, सुपारी आणू?"

मग शहापूरच्या वखारीतून सागाचा तुकडा आला. त्याचा पाइप मी ओढला तेव्हा तंबाखू शिल्लक राहिली आणि पाइप जळून गेला. तोंडात धरायच्या नळीला शिंग बरं, म्हणून अण्णा म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेला गेले. लोक बैलांचे दात बघत होते, हे शिंगं. एका शेतकऱ्याला म्हणाले, "याचं शिंग मोडलं तर कळवा हां." तो काठी घेऊन मागे लागला. शेवटी नळी बांबूची करायचं ठरलं.

लाकडाचं कोडं काकूंच्या चुलीनं सोडवलं. कुठूनशी आलेली बोरीच्या मुळाची गाठ त्यांनी सकाळी चुलीत घातली, ती दुपारपर्यंत नुसती धुमसत राहिली, जळेना. अण्णा चुलीपुढे उकिडवे बसून बघत राहिले. मग उठले आणि खिडकीशी गेले. बांधावर तोडलेल्या बोरीचं खोड होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा पहार घेऊन बांधावर, आणि मी पंच म्हणून शेजारी. पहिला घाव पडताच पलीकडच्या ओट्यावरून आवाज आला, "मास्तर, त्या माणसाला सांगा, माझ्या बाजूची मुळी तोडायची नाय!"

"मास्तर, त्यांना सांगा, गाठ मधोमध हाय. लेवल बघूनच खणतोय."

"त्यांना म्हणावं, झाड होतं तवा ही लेवल कुठं गेलती?"

"त्यांना म्हणावं, झाड तोडलं कोणी?"

दोघांमध्ये दहा पावलं अंतर होतं. माझा घसा बसला.

महिनाभर गाठ पेंढ्यात सुकली. मग अण्णांनी जाड बुडाचा, लुळ्या मुठीतही बसेल असा पाइप कोरला. या वेळी चाचणी माझ्याकडे आली नाही. अण्णांनी स्वतः ओढला. चार झुरके, अकरा शिंका.

"तुमी नेऊन द्या," मला म्हणाले. "माझं नाव घेऊ नका." आणि माझ्या मागोमाग बांधापर्यंत येऊन, पाठ करून, आभाळाची लेवल बघत उभे राहिले.

बाबूदादांनी पाइप घेतला. मूठ मिटली, पाइप ठरला. सुनेनं मुकाट्यानं कपाट उघडलं, एक विडी उसवून तिची तंबाखू पाइपात भरली आणि काडी ओढली. धूर वर गेला. बाबूदादांनी डोळे मिटले. बांधावरची पाठ हलेना.

मग पाइपातून गुडगुड असा आवाज आला. बाबूदादांनी डोळे उघडले. पाइप उलटा केला, काडी घालून तळ खरवडला, भोकाला डोळा लावला. आणि चार वर्षांत पहिल्यांदाच, मला मध्ये न घेता, माझ्या डोक्यावरून ओरडले,

"गंग्या, लेका, भोक सूतभर वर पाडलंस! तळाला मृतसाठा राहतोय! इकडं ये आधी, लेवल बघ!"