रिकाम्या भांड्यांचा प्रकल्प

"काकू, डबा फार जड लागतोय," तनय म्हणाला.

"लागणारच. पितळी हाय. सासूबाईंच्या लग्नातला," सिंधुबाई म्हणाल्या.

"तसा नाही हो, आत काहीतरी आहे."

"बेसनाचे लाडू हायेत. मग काय रिकामा डबा देऊ तुला? आमच्यात रिकामं भांडं उंबऱ्याबाहेर जात नाय."

तनयला हवा होता तो रिकामाच डबा. तसं तो पायरीवर उभा राहून दोनदा बोललाही होता, पण सिंधुबाईंनी ते पाहुण्यानं 'चहा नको' म्हणावं इतपतच मनावर घेतलं होतं. आता सरळ 'लाडू काढून घ्या' म्हणायचं, की झालं. पण तनयला कुणालाही नाही म्हणता येत नसे. दुकानदारानं एक नंबर मोठी चप्पल पुढं केली तरी हा 'बसतेय की' म्हणून घेऊन येई आणि वर्षभर फटक फटक करत हिंडे. "भीड भिकेची बहीण असते," असं त्याचे वडील उठताबसता ऐकवत, आणि तो त्यालाही मान डोलावत असे.

"छान आहेत हो लाडू," तो म्हणाला आणि डबा छातीशी धरून निघाला.

तनय ज्या संग्रहालयात नोकरीला होता ते याच गल्लीच्या तोंडाशी, रविवार कारंजाच्या अलीकडे, जुन्या छापखान्याच्या इमारतीत होतं. कापडावरची जुनी चित्रं, थोडी नाणी, थोड्या तलवारी आणि आतून लाल मखमल लावलेला एक मेणा, एवढा त्याचा पसारा. बघायला येत ते शाळेच्या सहलीतले विद्यार्थी आणि उन्हाला कंटाळलेले लोक. गल्लीतल्या कुणी जन्मात आत पाऊल टाकलं नव्हतं.

त्यावर मुंबईच्या वेदिका नावाच्या चित्रकार बाईंनी उपाय काढला होता. त्यांचं म्हणणं असं की, शहरातल्या मोकळ्या जागा संपल्या. अंगणात मोटारी लागल्या, चौकात टपऱ्या आल्या, आणि संग्रहालयं तर वस्तूंनी गच्चच भरलेली. तेव्हा संग्रहालयाचं मागचं दालन रिकामं करायचं, छताला गल्लीतल्या घराघरांतली रिकामी भांडी पालथी टांगायची आणि लोकांनी खाली उभं राहून हाक मारायची. हाक भांड्याभांड्यांतून घुमेल, गल्ली संग्रहालयात येईल आणि गेलेलं अंगण लोकांना परत मिळेल. प्रकल्पाचं नाव 'रिकाम्या जागा'. खर्च मुंबईचं एक प्रतिष्ठान करणार होतं, पण आधी त्यांचा माणूस शनिवारी येऊन नमुना पाहणार होता.

तनयचा करार महिनाअखेर संपत होता. प्रकल्प मंजूर झाला तर तो इथं कायम होणार होता. नाही झाला तर वडिलांनी ओझरला एका कँटीनच्या ठेकेदाराकडे त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवलाच होता. "खायची ददात नाही तिथं," असं ते वर सांगत. तनयला या संग्रहालयाचा लळा लागला होता. सकाळी दार उघडल्यावर त्या जुन्या चित्रांपुढं एकटं उभं राहायला मिळतं, त्यासाठी तो काहीही करायला तयार होता. फक्त नाही म्हणणं तेवढं सोडून.

दारातच पहारेकरी नाना भेटले. त्यांनी हवेत नाक वर केलं.

"सर, तूप?"

"हळू बोला नाना! मॅडम आहेत का?"

मॅडम म्हणजे संचालिका इंदिराबाई. त्यांचा नियम एकच होता, पण तो वज्राचा. संग्रहालयात खाण्याची वस्तू आणायची नाही. खाणं आलं की मुंगी येते, मुंगीमागून झुरळ येतं आणि झुरळानं चित्र खाल्लं की तीनशे वर्षं गेली, असं त्या शांतपणे सांगत आणि ऐकणाऱ्याचं धाबं दणाणे. एकदा त्यांनी एका वयस्क पाहुण्यांना तोंडातली खडीसाखर संपेपर्यंत फाटकाबाहेर उभं केलं होतं.

नानांनी आणि तनयनं जिन्याखाली उभ्या उभ्या चार लाडू संपवले. उरलेले पिशवीत बांधून नाना घरी घेऊन गेले, आणि तनयला वाटलं, सुटलो.

पण दुसऱ्या दिवशी समोरच्या कुसाबाईंनी कढई दिली, ती अनारशांनी भरून. "सिंधूनं लाडू दिले म्हणे. आमच्या घरी काय कमी आहे का?" त्यापुढच्या घरानं चिवडा दिला. त्यापुढच्या घरी नुकतंच लोणचं घातलं होतं. एका घरी काहीच नव्हतं, तर त्या बाईंनी तनयला ओसरीवर बसवलं आणि शंकरपाळे तळेपर्यंत उठू दिलं नाही. प्रत्येक दारात तो 'अहो, कशाला' म्हणे, आणि 'अहो, कशाला' म्हणजे 'अजून थोडं घाला' हे गल्लीला पूर्वीपासून ठाऊक होतं.

गुरुवारपर्यंत नानांनी हात टेकले. "सर, घरच्यांनी लोणचं घ्यायला नकार दिला. म्हणतात, आता पोळीला जागा नाय राहिली." तनयला स्वतःला तर तुपाचा वास आला तरी भोवळ येत होती. टाकून देणं त्याच्या जिवावर आलं. गल्लीतल्या उकिरड्यात गल्लीचेच अनारसे दिसले असते तर मग बोलायलाच नको. शेवटी त्यानं मेण्याचा पडदा बाजूला केला आणि पिशव्या आत ठेवल्या. मेण्यात गेली शंभर वर्षं कुणी बसलं नव्हतं. दोन दिवस लाडू बसले तर काय बिघडणार आहे, असं त्यानं मनाला समजावलं. मनाला ते पटलं नाही.

संध्याकाळी वेदिकाचा फोन आला. "तनय, भांडी कमी पडतायत. अजून दहा-पंधरा मिळतील? आणि मोठी हवीत. हंडे, पातेली वगैरे."

मोठी भांडी म्हटल्यावर तनयच्या डोळ्यांपुढं हंडाभर करंज्या आल्या. "मॅडम, मोठ्या भांड्यांचं जरा…"

"काही प्रॉब्लेम आहे का?"

"छे छे, आणतो की," तनय म्हणाला.

शुक्रवारी दुपारी भांडी टांगून झाली. प्रत्येकाला दोरी आणि छताला कप्पी. दोरी सैल सोडली की भांडं खाली येई. तनय मधोमध उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "ओ…" आणि खरंच, हंड्यातून, कढईतून, पातेल्यांतून ती 'ओ' अशी घुमत फिरली की त्याच्या अंगावर काटा आला. आठवडाभरात पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

"हे काय रे?" मागून आवाज आला.

सिंधुबाई दारात उभ्या होत्या. आपला डबा कुठं लावलाय ते बघायला म्हणून त्या आयुष्यात पहिल्यांदा संग्रहालयात आल्या होत्या.

"माझा डबा पालथा? आन् रिकामा?"

"काकू, ती कला आहे. आवाज घुमतो बघा त्यातून…"

"घुमणारच! रिकाम्या घरात घुमतोच आवाज. उद्या मुंबईचे पाहुणे येणार, आन् त्यांना तू दाखवणार, ही बघा आमच्या गल्लीची भांडी, यांच्या घरात खायला दाणा नाय! सासूबाईंनी दुष्काळात बी हा डबा पालथा घातला नव्हता. मला माझा डबा परत दे. कुसाला सांगते, ती बी नेईल. सगळ्याच नेतील."

तनय त्यांना आडवा गेला. भांडी गेली तर शनिवार गेला, आणि शनिवार गेला तर नोकरी गेली. "काकू, थांबा. सरळ टांगतो. आणि आत मूठ मूठ तांदूळ घालतो. मग तर झालं?"

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

सिंधुबाई समाधानानं गेल्या. तेवढ्यात वेदिकाचा मेसेज आला : 'भांडी रिकामी आणि पालथीच हवीत हं. तीच तर सगळी संकल्पना आहे.' तनयनं उत्तर पाठवलं : 'हो, नक्की.' मग त्यानं विचार केला, सकाळी पाहुण्यांना रिकामी दाखवायची आणि संध्याकाळी गल्लीला भरलेली. इकडे आड, तिकडे विहीर, आणि तो मधल्या काठावर फटक फटक करत उभा.

शनिवारी पाहुण्यांना वाट दाखवायला तो मुंबई नाक्यावर गेला. वेदिकाबरोबर आलेले प्रतिष्ठानचे दीपक सर गंभीर चेहऱ्याचे गृहस्थ होते. गाडीत त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "लोकसहभाग म्हणजे फोटोपुरते चार लोक, असं बऱ्याच ठिकाणी बघतो आम्ही." वेदिकानं काळजीनं तनयकडे पाहिलं, आणि तनयनं बाहेर.

दालनात इंदिराबाई वाट पाहत होत्या. सगळी भांडी सरळ टांगलेली होती. तनयनं तर ती सकाळी पालथीच सोडली होती! त्यानं नानांकडे पाहिलं. नाना छताकडे पाहू लागले.

"तनय, हे पालथं नाही," वेदिका दात आवळून म्हणाली. मग चेहऱ्यावर हसू आणून ती मधोमध उभी राहिली. "सर, आता ऐका. हे आपलं हरवलेलं अंगण. ओऽऽ!"

एकही भांडं बोललं नाही.

"ओऽऽऽ!" वेदिका पुन्हा ओरडली आणि आवाज कुठं अडतोय ते बघायला तिनं जवळची दोरी हलवली. कुसाबाईंची कढई कलली आणि दीपक सरांच्या डोक्यावर चुरमुरे, शेव आणि फुटाण्यांचा सडा पडला.

तनयनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच त्यानं इंदिराबाईंचा आवाज ऐकला. "खाद्यपदार्थ? माझ्या संग्रहालयात?" आणि मग, त्याहून हळू, "ही मुंग्यांची रांग कुठं चाललीय?"

रांग मेण्याकडे चालली होती. इंदिराबाईंनी पडदा बाजूला केला. आतल्या लाल मखमलीवर लाडू, अनारसे आणि शंकरपाळे एखाद्या सरदारासारखे ऐसपैस बसले होते, आणि लोणच्याच्या पिशवीतून तेल ठिपकत होतं.

"हे कुणी केलं?"

"मी, मॅडम," तनय म्हणाला. मग एकदा तोंड उघडलंच म्हणून त्यानं लाडवांपासून तांदळापर्यंत सगळं सांगून टाकलं. ओझरचं कँटीन त्याला डोळ्यांसमोर स्वच्छ दिसू लागलं. तिथल्या भल्या मोठ्या पातेल्यांसकट.

"मूठभर तांदूळ म्हणालो होतो फक्त," तो शेवटी पुटपुटला.

"पाहुण्यांना काय कोरडा तांदूळ देतात व्हय रे?" जिन्यामागून सिंधुबाई बाहेर आल्या. त्यांच्यामागून कुसाबाई आल्या आणि कुसाबाईंमागून अख्खी गल्ली. सकाळी तनयची पाठ वळताच त्यांनी नानांना बाजूला सारून भांडी भरली होती, आणि आता पाहुण्यांना ती आवडतात का ते बघायला त्या दबा धरून बसल्या होत्या.

मग जी जुंपली ती विचारू नका. इंदिराबाई मुंगी, झुरळ आणि तीनशे वर्षं सांगू लागल्या. सिंधुबाई म्हणाल्या, "आमच्या माजघरात सत्तर वर्षं लाडू होतात, एक झुरळ दाखवा!" वेदिका "रिकामेपणा ही एक शक्यता असते" असं समजावू लागली, तर कुसाबाई तिला म्हणाल्या, "पोरी, आधी खाऊन घे, मग तुला असं काही सुचणार नाही." गल्ली संग्रहालयभर पांगली होती. कुणी तलवारींचं वजन विचारत होतं, कुणी चित्रातल्या बाईची नथ निरखत होतं.

दीपक सर केसांतले चुरमुरे झटकत दाराकडे सरकत होते. सिंधुबाईंनी त्यांना अचूक गाठलं.

"कुठले म्हणायचे तुम्ही?"

"मूळचे मनमाडचे. पण मी जरा घाईत…"

"मनमाड? कुणाचे?" कुसाबाईंनी चार प्रश्न विचारले, आणि पाचव्याला असं निघालं की सरांची मावशी ती कुसाबाईंची जाऊ. मग त्यांना जाऊ देण्याचा प्रश्नच मिटला. बाहेरच्या ओट्यावर सतरंजी पडली. दुपार कलली तरी गल्ली काही हलेना, आणि तनय सतरंजीच्या कडेला, निकाल लागायची वाट बघणाऱ्या मुलासारखा अंग चोरून बसून राहिला.

शेवटी दीपक सर उठले. "मंजूर," ते म्हणाले. "लोक पुन्हा येतील का, एवढंच आम्हाला तपासायचं असतं. इथं तर ते जायलाच तयार नाहीत. वेदिका, संकल्पना तेवढी नव्यानं लिहून पाठवा." वेदिका पायरीवर बसून मोबाइलवर ती लिहायलाच लागली होती. तिच्या दुसऱ्या हातात अनारसा होता.

तनयच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला तो वळला, तर पुढं इंदिराबाई उभ्या.

"तुला मी कायम करतेय," त्या म्हणाल्या. "एवढे लोक या इमारतीत मी वीस वर्षांत पाहिले नव्हते. पण खाणं ओट्यापर्यंतच. दालनात दाणाही जाता कामा नये, म्हणजे नये. तेव्हा दारात एक माणूस हवा, जो प्रत्येक बाईला तोंडावर स्पष्ट नाही म्हणेल. डबा असो, कढई असो, सिंधुबाई असोत. तुझं आता तेच मुख्य काम. जमेल ना?"

तनयनं दाराकडे पाहिलं, सिंधुबाईंकडे पाहिलं, मग मॅडमकडे पाहिलं. खरं उत्तर त्याला पक्कं ठाऊक होतं.

"हो मॅडम," तो म्हणाला, "जमेल की."