रिमोट गुरुजींच्या हातात

रविवारी दुपारी जेवणं उरकली आणि आवडाबाईंनी फर्मान काढलं, "लावा तो मुंबईचा पिच्चर. तो बघू, मंग पोरीचं ठरवू."

पोरगी म्हणजे त्यांची नात, श्रेया. तिला मुंबईत नोकरी लागली होती आणि सोमवारी कंपनीला होकार कळवायचा होता. तिच्या आईवडिलांनी "आजी म्हणेल ते" असं म्हणून अंग काढून घेतलं होतं. मुकुंदवाडीच्या त्या घरात शेवटचा शब्द आवडाबाईंचा. त्यांच्या यजमानांच्या, बद्रीनाथ गुरुजींच्या, ताब्यात फक्त टीव्हीचा रिमोट.

श्रेयानं आजोबांना स्वयंपाकघरात गाठलं. "आबा, घात झाला. त्या पिच्चरमधला एक माणूस स्वतःच्या घरी झोपत नाय. आजीनं बघितला तर मला इथल्या पडेगावच्या पुढं कुणी जाऊ देत नसतं."

"भिऊ नको," गुरुजी म्हणाले. जन्मभर त्यांनी पहिलीचा वर्ग सांभाळला होता. गोष्टीतल्या वाघाला पोरं घाबरली, की त्या वाघाला जागच्या जागी पालेभाज्या खायला लावायच्या, ही त्यांची हातोटी.

सिनेमा सुरू झाला. नायक देखणा, त्याची बायको देखणी आणि ऑफिसातली मैत्रीण त्याहून देखणी. लिफ्टचं दार लागताच नायक मैत्रिणीकडं टक लावून बघू लागला. गुरुजींनी बटण दाबलं. सिनेमा पुढं पळाला. थांबला तेव्हा दोघं हॉटेलात जेवत होते.

"हे दोघं एकाच ताटात कामून जेवायलेत?" आवडाबाईंनी विचारलं.

"मुंबईत भांडी घासायला बाई मिळत नाही."

पुन्हा बटण. आता नायक एका भलत्याच घरात शर्टाची बटणं लावत होता.

"हे घर कोणाचं? मघा तर याचं घर दुसरं व्हतं."

"कंपनीचं क्वार्टर आहे."

"अन् ही बाई तिथं?"

"शेजारीण. चावी तिच्याकडं असते."

"मंग हा रात्रीचा बायकोकडं कामून जात नाय?"

"ऑडिट चालू आहे गं. मोठ्या कंपन्यांत ते रात्रीच असतं."

श्रेयानं तोंडावर उशी दाबून धरली. गुरुजींना चेव चढला. समुद्रकाठचं गाणं लागलं. लाट किनाऱ्याला पोचायच्या आत ते संपलं. बायको ढसाढसा रडू लागली, कारण ऑडिट लांबलं होतं. मग ती नवऱ्याच्या मित्राच्या गाडीत बसली, कारण त्याला तिच्या माहेराकडंच जायचं होतं. उरलेल्या सिनेमात माणसं लिफ्टनं वर गेली, खाली आली, जेवली आणि सगळा सिनेमा चहाला उकळी फुटायच्या आत आटोपला.

"लई सज्जन माणसं," आवडाबाई म्हणाल्या. "जा बाई मुंबईला."

श्रेयानं आजीला कडकडून मिठी मारली आणि मैत्रिणीला फोन करायला गच्चीवर पळाली. गुरुजींनी समाधानानं बशीत चहा ओतला.

"एक सांगू का?" आवडाबाई हळूच म्हणाल्या. "ह्यो पिच्चर म्या मागंच शेजारी रईसाकडं बघितलाय. समदा. गाण्यासकट."

गुरुजींनी बशी खाली ठेवली. "मग आज पुन्हा कशाला?"

"रईसाच म्हणली, 'आपा, मियाँ को बाजू में बिठा के देखो. पसीना कहाँ छूटता, मालूम पडता.'"

"अगं, मी पोरीसाठी केलं! तू तिला जाऊ देणार नाहीस म्हणून!"

"पोरीचं म्या कवाच ठरवलं व्हतं. असला कुणी भेटला तर ती चपलेनं हाणून हाकलंल. तिचं भ्या नाय मला." आवडाबाई सरकून जवळ बसल्या. "पर तुमी? त्या हिरोला बी बायकोपुढं इतक्या सबबी सुचल्या नव्हत्या. तुमी तर पाढे म्हणल्यावानी धडाधडा सांगितल्या. कुठं शिकलात?"

"कुठं शिकणार? सुचलं ते बोललो."

"तुमी गंगापूरच्या शाळेत व्हतात, तवा शनवारी घरी येत नव्हतात. इन्स्पेक्शन हाय म्हणायचात."

"खरंच इन्स्पेक्शन असायचं!"

"अन् राहायला खोली?"

"शाळेनं दिली होती!"

"म्हंजी क्वार्टर."

गुरुजींना घाम फुटला. इन्स्पेक्शन खरं होतं, खोली खरी होती, आणि त्या खोलीत एका स्टोव्हशिवाय कुणाचाही सहवास त्यांना लाभला नव्हता. पण आज दुपारभर ते ज्या आवाजात खोटं बोलले होते, त्याच आवाजात आता त्यांना खरं सांगावं लागत होतं. दुसरा आवाज त्यांच्याकडं नव्हता.

सवयीनं त्यांनी रिमोट उचलला आणि बटण दाबलं. आवडाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"अन् चावी," त्यांनी विचारलं, "चावी कोणाकडं असायची?"