येटेला गरज वाटेना

मुलीला यापुढे कुठलीही आज्ञा करायची नाही, असं लेबरेख्ट क्वांट यांनी एका मंगळवारी सूप पिता पिता ठरवलं. एवढंच. घर विकायचं ठरवलं नव्हतं की देश सोडायचं ठरवलं नव्हतं. पण ग्रहदशा फिरायचीच असली तर तिला सुपाचं वाडगंही पुरतं.

क्वांट म्हणजे एल्बे नदीकाठच्या एका चिमुकल्या राजधानीत, सरकारी दफ्तरात नकलनवीस. (राजधानी म्हणजे एक राजवाडा, दोन चर्च आणि बाकी सगळी बदकं.) दिवसभर दुसऱ्यांची पत्रं सुवाच्य अक्षरात उतरवायची आणि उरलेल्या वेळात शिक्षणावरचे ग्रंथ वाचायचे. सतराशे ऐंशीच्या सुमारास जर्मन मुलखातल्या बऱ्याच शिकल्यासवरल्या बापांना ही लागण झाली होती. वाचून गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण घरात येटे होती, वय वर्षं सात, एकुलती एक, आणि प्रत्येक नव्या ग्रंथाची झळ आधी तिला लागायची.

ती तीन वर्षांची असताना क्वांटनी एक इंग्रज पंडित वाचला. मुलाचं मन म्हणजे कोरा कागद, आणि जोडे असे हवेत की पाणी आत शिरलं पाहिजे, म्हणजे पाय कणखर होतात, असं त्याचं म्हणणं. क्वांटनी पोरीच्या नव्याकोऱ्या जोड्यांना भोकं पाडली आणि बापाने आदर्श घालून द्यावा म्हणून स्वतःच्याही जोड्यांना पाडली. येटे डबक्यांत मजेत नाचली. क्वांट तीन आठवडे अंथरुणात शिंकत पडले.

मग जिनिव्हाकडचे एक गृहस्थ हाती लागले. त्यांना पुस्तकांची घाई मान्य नव्हती. हुकूम नको, शिक्षा नको; मुलाला स्वतःला गरज वाटली की ते आपण होऊन शिकेल. (या गृहस्थांनी स्वतःची मुलं अनाथालयात सोडली होती, ही बातमी सासूबाईंनी कुठून पैदा केली देव जाणे.) तो मंगळवार या गृहस्थांचा.

सासूबाई, म्हणजे फ्राऊ त्सिगेनबाइन, जावयाच्याच घरात राहत. त्यांचे वडील लॅटिन शाळेत मास्तर होते, आणि त्यांच्या मते शिक्षणाचा सगळा इतिहास वडिलांच्या छडीपाशी सुरू होऊन तिथेच संपला होता. मुलीवर हात उगारायचा नाही, असं जावयाने बजावल्यापासून त्या सुस्कारे टाकत मोजे विणत.

गावात मुलींची नवी शाळा निघणार असल्याचं कळलं तेव्हा मात्र क्वांटची झोप उडाली. शिक्षक नेमणार मुख्य पाद्री ब्रेमेसाहेब. अकरा वर्षं दुसऱ्यांची वाक्यं उतरवून क्वांटचा जीव विटला होता. आयुष्यात एकदा तरी कुणासमोर उभं राहून आपलं स्वतःचं काही बोलावं, एवढीच त्यांना आस होती, आणि ती खरी होती. त्यांनी नऊ पानी अर्ज लिहिला. शेवटी लिहिलं की, नव्या पद्धतीचा जिवंत पुरावा माझ्या घरात वावरतो आहे. ब्रेमेसाहेबांचं उत्तर आलं: येत्या रविवारी प्रार्थनेनंतर कॉफीला येतो आणि पुरावा तपासतो.

पंचाईत अशी की पुराव्याला वाचता येत नव्हतं. क्वांट रोज सहज विचारल्यासारखं विचारायचे, "येटे, आज काही वाचावंसं वाटतंय का ग?" ती म्हणायची, "नाही बाबा." मग ते आपल्या वहीत टिपायचे: 'अद्याप गरज नाही.' ही वही म्हणजे क्वांटचं सर्वस्व. मुलीचं निरीक्षण रोजच्या रोज त्यात उतरायचं: केव्हा हसली, केव्हा खोटं बोलली, केव्हा डोकं दुखण्याचं सोंग केलं. लिहिताना येटे समोर बसून त्यांच्याकडे टक लावून बघत असायची. (तेही ते टिपून घेत.)

रविवारला पाच दिवस उरले तेव्हा त्यांना आठवलं की शेजारच्या शहरातल्या नव्या शाळेत म्हणे भाजलेली अक्षरं खायला देऊन वाचायला शिकवतात. बायको फिलिपिनेने नाताळासाठी राखलेला मध बाहेर काढून अक्षरांची बिस्किटं भाजली. अक्षर ओळखलं की खायचं, असा नियम ठरला. पहिल्याच दिवशी येटेने आडव्या पडलेल्या B या अक्षराला 'चष्मा' म्हटलं आणि तिचा चेहरा पडला. शिक्षा तर करायची नाही. तेव्हा क्वांटनी तिचं मन राखायला चष्मा तिला दिला.

"अहो, ओळखलं तरी खायचं आणि नाही ओळखलं तरी खायचं," फिलिपिने म्हणाली, "तर मग मुलगी शिकतेय काय?"

"आनंद," क्वांट म्हणाले.

शनिवारपर्यंत मध संपला आणि येटेला फक्त आनंद येत होता. शेवटी क्वांटनी तडजोड केली. मोठ्या तबकात उरलेल्या बिस्किटांचं एकच वाक्य मांडायचं, 'मी आनंदाने शिकते', आणि ते तिच्याकडून तोंडपाठ करून घ्यायचं. तोंडपाठ म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा उजळला. अख्ख्या आठवड्यात तेवढा एकदाच.

रविवारी ब्रेमेसाहेब आले. अंगाने आडवे, चष्मा घरी विसरलेले, सकाळपासून उपाशी. त्या गावात कॉफीबरोबर तबक पुढे ठेवलं की पाहुण्याने त्यातलं खायचं असतं. न खाणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान. ब्रेमेसाहेब शिष्टाचाराला पक्के. क्वांट शिक्षणातल्या स्वातंत्र्यावर भरभरून बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांना दिसलं की वाक्याचं कर्तापद गेलं. मुख्य पाद्र्याच्या हातातला घास काढून कोण घेणार? आनंदही गेला. क्रियापद त्यांनी कॉफीत बुडवून खाल्लं.

"छान झालीत हो," ते फिलिपिनेला म्हणाले. "आता मुलीची परीक्षा घेऊ."

क्वांटनी घाम पुसत सांगितलं की साहेबांनी आत्ताच परीक्षा खाल्ली. ब्रेमेसाहेब आधी बावचळले, मग पोट धरून हसले, आणि खिशातून प्रार्थनेचं पुस्तक काढून येटेपुढे धरलं. "वाच बाळ."

"मला अजून गरज वाटलेली नाही," येटे म्हणाली.

सासूबाईंनी सुई खाली ठेवली. क्वांट खिडकीबाहेरची बदकं बघू लागले. पण ब्रेमेसाहेबांनी सात मुलं वाढवलेली होती. त्यांनी एका चिटोऱ्यावर काहीतरी खरडलं आणि येटेच्या हातात दिलं. तिने ते पाहिलं, उठली, सरळ जाऊन साहेबांच्या कोटाच्या डाव्या खिशात हात घातला आणि तिथे लपवलेलं बिस्किट काढून खाल्लं.

क्वांटना रडूच कोसळलं. निसर्ग! गरज! जिनिव्हाचे गृहस्थ खरे ठरले होते.

"कुणी शिकवलं ग तुला?" ब्रेमेसाहेबांनी विचारलं.

"आईने. ती इस्त्री करताना मी एकेक अक्षर विचारायची. बाबा वहीत रोज माझ्याबद्दल काय लिहितात ते बघायचं होतं ना."

"मग ती वहीच आण."

क्वांट नको म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण पाद्रीसाहेबांदेखत मुलीला आज्ञा करायची कशी? येटेने वही आणली, शेवटचं पान काढलं आणि खड्या, स्वच्छ आवाजात वाचलं: "ब्रेमे रविवारी येणार. जुन्या चालीचा माणूस. डोकं जाड. कॉफी गोड करावी आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवावी. बाकी आपोआप होईल."

एकही शब्द अडला नाही. ब्रेमेसाहेबांनी कॉफी संपवली, आणखी साखर नको म्हणाले, आणि फिलिपिनेचं पूर्ण नाव लिहून घेतलं.

बुधवारी पत्र आलं. शाळा फिलिपिनेला मिळाली होती, तीही दुसऱ्याच दिवसापासून. इस्त्री करता करता जी वाचायला शिकवते, ती वर्गात बसून काय काय करील, असं साहेबांनी लिहिलं होतं. क्वांट दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवायला बसले तर ताट रिकामं. फिलिपिने मुलींच्या पाट्या तपासत बसली होती. तेव्हा दफ्तरातून आल्यावर संध्याकाळचा स्वयंपाक क्वांटनी करायचा, असं घरात ठरलं, आणि बटाट्याचे गोळे उकडायला त्यांना सासूबाईंनी शिकवायचं.

"सासूबाई, आधी मला आतून गरज वाटू दे," क्वांट म्हणाले.

येटेवर हात उगारायचा नाही, असं घरात ठरलेलं होतं. जावयाबद्दल काहीच ठरलं नव्हतं. सासूबाईंनी लाकडी पळी उचलली, आणि क्वांटना तीन संध्याकाळींत गोळे जमले.